तिच्या मैत्रिणीच्या दारावर

आमच्या खानदेशात माणूस गेलं की लोक दारावर येतात. भेटायला येणं, सांत्वनाला येणं असे शब्द कोणी वापरत नाही. दारावर येणं, एवढंच. आलेले पुरुष ओट्यावर बसतात, बाया आत जातात. गेलेल्याचं नाव कोणी काढत नाही. कपाशी किती निघाली, कालव्याला पाणी सुटलं का, मुलाची बदली कुठे झाली, असं थोडं बोलणं होतं. मधे बराच वेळ सगळे गप्प असतात आणि मग उठतात. जाताना 'येतो' म्हणायचं नाही, आणि घरच्यांनीही 'या' म्हणायचं नाही.

माझी बायको गेली तेव्हा सारंगखेड्याला घोड्यांची जत्रा चालू होती. बरेच नातेवाईक तिकडून परस्पर लोणखेड्याला आमच्या दारावर आले. एका चुलतभावाने नवा लगाम घेतलेला होता. तो त्याने ओट्याच्या पायरीआड ठेवला आणि जाईपर्यंत तिकडे एकदाही पाहिलं नाही. मला ते दिसलं होतं, पण मीही पाहिलं नाही. तेरा दिवसांत कुणीही मला ती कशी गेली हे विचारलं नाही. 'दुपारी झोपेत' एवढं सगळ्यांना कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. एकदोघी म्हणाल्या, नशीबवान. मला या रीतीचं तेव्हा बरं वाटलं. मी मुळात कमी बोलणारा माणूस. आयुष्यभर ग्रंथपाल होतो, आणि वाचनालयात लोकांना गप्प राहा असं सांगण्यातच माझा निम्मा आवाज खर्च झाला.

मात्र एका व्यक्तीला सांगायचं राहिलं होतं. ती टांझानियात होती.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिथल्या उत्तरेकडच्या एका डोंगराळ गावात सहा महिने राहून आलो होतो. निवृत्त माणसांना अशा कामासाठी पाठवणारी एक संस्था होती. निवड माझी झाली होती, शाळेचं वाचनालय लावून द्यायला. बायको 'सोबत' म्हणून आली. पोहोचल्यावर चौथ्या दिवशी तिला कळलं की गावात जिकडेतिकडे तूर आहे, ती व्यापारी नेतो आणि बहुतेक आपल्याच देशाला धाडतो. गावातले लोक ती अख्खी उकडून खात. डाळ कोणी करत नव्हतं. मग ती कसली सोबतीला राहते! तिने पाथरवटाला कागदावर जातं काढून दाखवलं. पहिल्या खेपेला त्याने खालच्या पाळीलाही आरपार भोक पाडलं, दुसऱ्या खेपेला वरची पाळी इतकी जड केली की दोन बायकांनाही फिरेना. तिसरं जमलं. तुरीला तेलाचा हात लावायचा, उन्हात वाळवायची, भरडायची, पाखडायची. हे ती तिथल्या बायकांना भाषेशिवाय शिकवत असे.

त्या बायकांत पुढे होती आमची शेजारीण. नवरा नसलेली, पन्नाशीची, उंच, गावाचे कपडे शिवून देणारी, मोठ्याने हसणारी. आमच्या आणि तिच्या घरामध्ये एकच मातीची भिंत होती. दोघी एकमेकींना 'दादा' म्हणत. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, आणि काका म्हणजे भाऊ. पहिल्यांदा एका तरुणाने बायकोला 'दादा' अशी हाक मारली तेव्हा तिने मागे वळून कोण पुरुष उभा आहे ते पाहिलं होतं. त्या दिवशी धानोऱ्याला धाकट्या बहिणीला फोन करून ती म्हणाली, "आठे मी दादा व्हई गयू."

बहीण म्हणाली, "मंग दाजीसले काय म्हनतस? ताई?"

निघताना शेजारणीने विचारलं होतं, परत कधी? बायकोने तुरीच्या शेंगेकडे बोट दाखवलं. म्हणजे तूर निघेल तेव्हा. पुढच्या वर्षी तिचे गुडघे धरले. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही तारखा ठरवल्या, संस्थेचं पत्रही आलं, आणि मग ही डिसेंबरातली दुपार.

मी जाणार नव्हतो. धाकटी म्हणाली की तिच्या जागी मी येते, डाळ मलाही करता येते. ती धानोऱ्याची, स्वतःची शेती स्वतः पाहणारी, सुरतेच्या पलीकडे कधी न गेलेली बाई. पासपोर्टाच्या कचेरीत तिला परदेशी जाण्याचं कारण विचारलं, तर तिने सांगितलं, "बहीननं काम अर्धं पडेल शे." तिने ठरवल्यावर मला नाही म्हणता आलं नाही. मनात मात्र एकच गोष्ट होती. त्या शेजारणीला सांगावं लागणार होतं, आणि ते वाक्य मी अजून कुणालाच, कुठल्याच भाषेत, उच्चारलं नव्हतं. इथे मला ते कधी बोलावंच लागलं नाही. माझ्याआधी बातमीच दारोदार गेली होती. म्हणून मी पळवाट काढली. तिथल्या जुन्या मुख्याध्यापकांना फोनवर लिहून निरोप पाठवला: माझी पत्नी वारली, कृपया शेजारणीला सांगावं. निरोप पोहोचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही पोहोचलो. दोन विमानं, मग दिवसभराची बस. शेवटच्या वळणावर धाकटी खिडकीतून बाहेर वाकली आणि ओरडली, "आरे, हाई ते आपलीच तूर शे!" बसमधली माणसं हसली. त्यांना काय कळलं कोण जाणे.

गावात शिरल्यावर माझी चूक झाली. ती कशी झाली हे सांगायचं तर 'पोले' हा शब्द सांगावा लागेल. कुणाला ठेच लागली की तिकडे म्हणतात पोले. कुणी डोक्यावरून पाणी आणताना दिसलं तरी पोले. आजाऱ्याला पोले, ज्याच्या घरी मरण झालं त्यालाही पोले. आणि लांबून प्रवास करून आलेल्यालाही, दमलात, त्रास झाला, म्हणून पोले. हे मला माहीत होतं. गेल्या खेपेला वहीत मी या शब्दाला अख्खं पान दिलं होतं. तरीही त्या संध्याकाळी एकामागून एक माणसं हात धरून "पोले, पोले साना", म्हणजे फार फार पोले, म्हणू लागली तेव्हा मला वाटलं, निरोप पोहोचला.

शेजारीण धावत आली. तिने माझे दोन्ही हात धरले, पोले म्हणाली, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि विचारलं, "दादा?" मी मान खाली घातली. मग धाकटीकडे हात करून म्हणालो, ही तिची लहान बहीण. शेजारणीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिने धाकटीला मिठी मारली आणि मला विचारलं, तुमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे?

कोणीही खानदेशी माणूस जे समजला असता तेच मी समजलो. नाव काढलं नाही, पावसाचं विचारलं. म्हणजे ही दारावर आली आहे. मला वाटलं, किती समजूतदार माणसं. मी सांगितलं, पाऊस बरा आहे.

चार दिवस मी वाचनालयात होतो. पुस्तकांना वाळवी लागली होती, निम्म्या नोंदी पुसल्या होत्या. जुने मुख्याध्यापक बदलून दुसऱ्या गावी गेले होते, हेही मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्यांचा नंबर आता कुणाकडे असेल, हा प्रश्न मनात आला आणि मी तो तिथेच ठेवून दिला. नवीन मुख्याध्यापकाला मी फक्त 'पुस्तकांचे गुरुजी' म्हणून माहीत होतो. तिकडे अंगणात धाकटी आणि शेजारीण जात्यावर बसत. धाकटी सरळ अहिराणीत बोले, शेजारीण तिच्या भाषेत, आणि भांडण झाल्यासारखा आवाज करत दोघींचं नीट चाले. शाळेपर्यंत ते ऐकू येई, आणि मी कपाटामागून ऐकत असे. एरवी मला आनंद झाला असता.

पाचव्या दिवशी दुपारी धाकटी शाळेत आली. तिच्या गळ्यात शिंप्याची टेप तशीच लोंबत होती.

"दाजी, तिनी मन्हं माप लिधं."

"बरं झालं. काहीतरी शिवून देईल."

"मन्हं नही. ताईना करता लिधं. मन्हा अंगवरथून." ती बाकावर बसली. "हातवरी दखाडी दखाडी इचारी ऱ्हायनी व्हती, ताई आते जाडी झायी का बारीक झायी."

तिने दोन्ही हात आधी लांब केले, मग जवळ आणले, शेजारणीने केले असतील तसे. मी हातातलं पुस्तक कपाटात ठेवलं. चुकीच्या खणात ठेवलं, हे कळत होतं.

"तिले माहीत नही शे, दाजी. तुम्हीन सांगं नही का?"

"निरोप पाठवला होता."

"निरोप धाडा आनि मोकया व्हई ग्यात?"

ती रागावली होती, आणि आठ महिन्यांत मी तिला प्रथमच रागावलेलं पाहत होतो.

"मी सांगू का?" तिने विचारलं.

"तुला त्यांची भाषा कुठे येते?"

"रडाले भाषा लागस का?" ती म्हणाली. मग उठून टेपची गुंडाळी करत जरा खालच्या आवाजात म्हणाली, "नही. तुम्हीनच सांगा. तुम्हीन सांगाले पाहिजे."

खरं तर मला तेव्हाच जायला हवं होतं. मी मात्र शब्दकोश काढला. मरण्याला त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. एक सरळ, जो जनावरालाही लागतो. दुसरा आदराचा, माणसांसाठी. मी दुसरा वहीत लिहिला, त्याचं रूप तपासलं, संपूर्ण वाक्य तयार केलं: 'दादा अमेफारिकी.' दादा वारली. दोन शब्दांच्या त्या वाक्याला मला एक संध्याकाळ लागली. त्या संध्याकाळी शेजारीण भिंतीपलीकडे गाणं म्हणत होती आणि शिलाईचं मशीन चालवत होती. माझ्या बायकोसाठीचा झगा त्याच दिवशी बेतायला घेतला असावा.

सकाळी मी निघालो. त्या आठ-दहा पावलांत माझ्या लक्षात आलं की मी दारावर चाललो आहे. ज्याचं माणूस गेलं त्याच्या दारावर लोक येतात; इथे ज्याचं गेलं तोच निघाला होता. पण तिचंही माणूस गेलंच होतं. तिला ते माहीत नव्हतं, एवढाच फरक. धाकटी माझ्या मागे होती.

शेजारीण अंगणात सुपाने तूर पाखडत होती. दोन पोक्त बायका शेंगा सोलत होत्या. तिने चटई पुढे सरकवली. मी बसलो नाही. वही उघडली नाही. म्हणालो, "दादा अमेफारिकी."

सूप थांबलं. तिने अगदी हळुवारपणे विचारलं, "पोले. कोणती दादा?"

हे मी धरलंच नव्हतं. गावात सगळ्याच दादा. माझी एखादी बहीण असेल, चुलतबहीण असेल. तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी दुःख होतं, स्वतःसाठी नव्हतं. शब्दकोशात 'माझी पत्नी' होतं, पण त्या क्षणी ते सुचलं नाही. सुचलं ते तिचं नाव. आमच्या पिढीत नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. एक्केचाळीस वर्षांत मी तिला 'अगं' म्हणालो, 'ऐकलंस का' म्हणालो, लोकांत 'ही' म्हणालो. लग्नात घेतलेला उखाणा सोडला तर तिचं नाव मी तोंडाने घेतलेलं मला आठवत नाही. दारावर आलेल्यांनीही ते घेतलं नव्हतं. त्या अंगणात मी ते घेतलं.

शेजारणीने सूप खाली ठेवलं. आतली तूर सांडू नये म्हणून नीट सपाट जागा पाहून ठेवलं, हे मला दिसलं. मग तिने तेच नाव घेतलं, तिच्या उच्चारात, शेवटचं अक्षर लांबवत, आणि डोक्यावर दोन्ही हात ठेवून मोठ्याने रडायला लागली. शेंगा सोलणाऱ्या बायका उठल्या. कुंपणापलीकडून आणखी बायका आल्या. धाकटी तिच्या गळ्यात पडली. घरी दाराआड, पदर तोंडात धरून रडलेली ती बाई इथे गळा काढून रडली. तिला कुणी आवरलं नाही. मला दोघींनी धरून चटईवर बसवलं.

नंतर, रडणं ओसरल्यावर, त्यांनी विचारायला सुरुवात केली. आपल्याकडे विचारत नाहीत ते सगळं. कोणता दिवस होता? सकाळी तिने काय खाल्लं? आजारी होती का? शेवटचं काय बोलली? हात कुणाच्या हातात होता? ही चौकशी नव्हती. एक विचारे, बाकीच्या ऐकत, मी सांगितलेलं एकमेकींना पुन्हा सांगत, आणि पोले म्हणत. प्रश्न विचारणं हीच त्यांची दारावर येण्याची रीत होती.

मी माझ्या तुटक्या स्वाहिलीत उत्तरं दिली. भूतकाळाची रूपं जमेनात, म्हणून सगळं वर्तमानात सांगितलं. ती भाकरी आणि मेथीची भाजी खाते. ती म्हणते, जरा पडते. मी शेजारच्या खोलीत पुस्तक वाचतो.

"मग?"

मग मी वाचतो. पुस्तक चांगलं आहे. दुपार शांत आहे, कुणी येत नाही. मला बरं वाटतं की ती झोपली आहे आणि मला वाचायला मिळतं आहे. चहाच्या वेळेला मी उठतो. डॉक्टर येतो आणि सांगतो की तिला जाऊन तास होऊन गेला आहे.

त्या तासाबद्दल मी कुणाला बोललो नव्हतो. त्या तासात मी दुःखी नव्हतो, घाईत नव्हतो, कसली काळजी नव्हती. मी सुखात होतो. आठ महिने मला तेच गिळता येत नव्हतं. हे सगळं सांगण्याइतकी स्वाहिली मला येत नाही. मी फक्त म्हणालो, तो एक तास मी आनंदी आहे, आणि ती मेलेली आहे.

एकीने दुसरीला ते पुन्हा सांगितलं. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "वाचत होतास? मग तू तोंडाने वाचत असशील." तिने आमच्या मधल्या भिंतीकडे बोट केलं. सहा महिने भिंतीआडून ते पुटपुटणं ऐकल्याचं तिने इतर बायकांना करून दाखवलं, ओठ हलवून, मधमाशीसारखा आवाज काढून. त्या हसल्या. "मग तिला ऐकू येत असेल," ती म्हणाली.

ते खरं असेल की नाही, मला माहीत नाही. मेंदूचं, कानाचं काय आधी थांबतं हे मी परत आल्यावर पुस्तकांत शोधलं, आणि जे सापडलं त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे मला ठरवता आलेलं नाही.

तीन दिवस त्या बायका येत राहिल्या. आमच्या चुलीवर त्याच स्वयंपाक करत. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या गेल्यावर धाकटी माझ्यापासून जरा अंतरावर, चटईच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"दाजी, त्या दिवशी त्या काय इचारी ऱ्हायन्या व्हत्यात? तुम्हीन येवढं काय सांगं त्यासले?"

मी तिला सांगितलं. भाकरी, मेथी, पुस्तक, तो तास. आपल्या भाषेत सांगायला जास्त वेळ लागला. भूतकाळाची सगळी रूपं मला येत होती.

ती ऐकत राहिली. तुरीचा एक दाणा चटईच्या विणीत अडकला होता, तो नखाने काढत होती. "मी इचारं नही," ती म्हणाली. "मन्हा मनमा व्हतं, दाजीसले तरास व्हई."

"मलाही वाटलं, तुला होईल."

दाणा निघाला. तिने तो बाजूला ठेवला.

"कोन्त्या कुशीवर व्हती?"

"डाव्या."

"हात कथा व्हता?"

"उशीखाली."

"माय बी तशीच झोपे," ती म्हणाली. मग तिने पदर सारखा केला, पाय दुमडून नीट बसली आणि विचारलं, "सकाय पासून सांगा. उठनी कव्हय?"

मी सकाळपासून सांगायला लागलो.